प्राण्यांची शर्यत आणि खेळणाऱ्याचा हात : ‘पोकेमॉन डॅश’चे प्रकरण

शर्यतीचा इतिहास हा बहुधा धावणाऱ्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणता घोडा, कोणती बैलजोडी, किती अंतर आणि किती वेळ, एवढ्या नोंदींवर इतिहासकाराचे समाधान होते. धावविणाऱ्याच्या हाताकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः प्राण्यांच्या शर्यतीत धावणे प्राण्याचे असले तरी चालना हाताची असते. कासरा, लगाम, चाबूक आणि पाठीवरची थाप ही त्या चालनेची साधने होत. या व्यवहारात श्रम नेमके कोणाच्या वाट्याला येतात आणि त्यांची खूण कोठे उरते, हा प्रश्न एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दोन अगदी भिन्न ठिकाणी उपस्थित झाला : एकदा जपानमधील एका लहानशा व्हिडिओ गेमच्या रचनेत, आणि एकदा महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींच्या निमित्ताने भारताच्या सर्वोच्च न्यायालयात. या दोहोंचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तथापि एकाच्या प्रकाशात दुसरा पाहिला असता दोहोंचेही स्वरूप अधिक स्पष्ट होते.

२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये निन्टेंडो कंपनीचे ‘निन्टेंडो डीएस’ हे हातात धरून खेळावयाचे यंत्र विक्रीस आले, आणि त्याच दिवशी त्याच्यासाठी ‘पोकेमॉन डॅश’ हा शर्यतीचा खेळही प्रसिद्ध झाला. युरोपात तो ११ मार्च २००५ रोजी, म्हणजे तेथेही यंत्राच्या बरोबरीनेच, आणि अमेरिकेत १४ मार्च २००५ रोजी पोहोचला. तो अँब्रेला या जपानी संस्थेने रचला होता. या संस्थेचा पूर्वेतिहास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९९८ साली तिने ‘हे यू, पिकाचू!’ हा खेळ काढला होता. त्यात खेळणाऱ्याने मायक्रोफोनमध्ये बोलावयाचे आणि पडद्यावरच्या प्राण्याने ते ऐकावयाचे, अशी योजना होती. आधी आवाज आणि मग स्पर्श : बटणाची मध्यस्थी टाळून प्राण्याशी थेट संबंध कसा जोडावा, हा या मंडळींचा जुना ध्यास असावा, असे या दोन खेळांवरून वाटते.

‘पोकेमॉन डॅश’ची रचना वर्णनास सोपी आहे. डीएस यंत्राला दोन पडदे असतात. त्यांपैकी खालचा स्पर्श ओळखणारा. त्यावर पिकाचू हा पिवळा, आखूड हातापायांचा, उंदरासारखा प्राणी वरून पाहिल्याप्रमाणे दिसतो. खेळणाऱ्याने यंत्रासोबतची छोटी लेखणी पडद्यावर ठेवून ज्या दिशेला धावावयाचे त्या दिशेने ती झपकन ओढावयाची. एका ओढीसरशी पिकाचू थोडा पुढे जातो. ओढी जितक्या जलद आणि जितक्या सलग, तितका वेग अधिक. मार्ग एका रेषेत बांधलेला नसतो. नेमून दिलेले टप्पे क्रमाने गाठावयाचे असतात, मधली वाट खेळणाऱ्याने निवडावयाची. दलदल, वाळू अशा भूमीवर गती मंदावते. काही टप्पे हवेतले आहेत. तेथे पिकाचू फुग्यांना लटकून वर जातो आणि एकेक फुगा लेखणीने टोचून फोडला की खाली उतरतो. पोकेमॉनच्या जगात शेकडो प्राणी असतानाही खेळणाऱ्याच्या वाट्याला पिकाचू हा एकटाच येतो. आणखी एक विलक्षण सोय अशी की, जुन्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स यंत्रासाठीचे ‘रुबी’, ‘सफायर’ यांसारखे पोकेमॉन खेळ डीएसच्या दुसऱ्या खाचेत घातले, तर तेथे खेळणाऱ्याने बाळगलेल्या प्राण्यांच्या आकाराचे शर्यतमार्ग तयार होत. म्हणजे एखाद्या प्राण्याच्या देहाचा नकाशा होई आणि दुसरा प्राणी त्याच्यावरून धावे. ही कल्पना संपूर्ण खेळातील सर्वांत चमत्कारिक, आणि कदाचित सर्वांत उपेक्षित राहिलेली कल्पना होय.

या प्राण्यांचा उगम सुपरिचित आहे, म्हणून त्याचा उल्लेख थोडक्यात पुरे. सातोशी ताजिरी यांना बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता. शहरी मुलांना तो आनंद यंत्रातून मिळावा या हेतूने त्यांनी आणि त्यांच्या गेम फ्रीक या संस्थेने रचलेले पहिले पोकेमॉन खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी गेम बॉयसाठी आले. पिकाचूचे रूप आत्सुको निशिदा यांनी रेखाटले. त्याच्या नावातील ‘पिका’ हा ठिणगीच्या चमकेचा आणि ‘चू’ हा उंदराच्या आवाजाचा जपानी ध्वन्यनुकरणवाचक शब्द आहे. भारतात या प्राण्यांची ओळख झाली ती मुख्यतः खेळातून नव्हे, तर २००३ पासून कार्टून नेटवर्क वाहिनीवर दाखविल्या गेलेल्या चित्रमालिकेतून. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो. जपानी मुलाने पिकाचू आधी हातात धरला आणि नंतर पाहिला. भारतीय मुलाने तो केवळ पाहिला.

आता स्पर्शाचा प्रश्न. स्पर्श ओळखणाऱ्या पडद्यांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. इंग्लंडमधील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटचे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली ज्या पडद्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तो बोटाची विद्युत्‌धारकता ओळखत असे. आजच्या स्मार्टफोनचा पडदा त्याच तत्त्वावर चालतो. दुसरा प्रकार दाबावर चालणारा. त्याचा विकास अमेरिकेत सॅम्युएल हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात केला. त्यात दोन वाहक थरांमध्ये सूक्ष्म पोकळी असते, वरचा थर दाबला गेला की तो खालच्याला टेकतो आणि तेवढ्या ठिकाणी विजेचा मार्ग पुरा होतो. डीएसचा पडदा या दुसऱ्या प्रकारचा होता. निन्टेंडोचे गुन्पेई योकोई यांचे एक प्रसिद्ध धोरण असे होते की, जुने, स्वस्त आणि पारखून घेतलेले तंत्र नव्या कामाला लावावे. डीएसच्या काळी योकोई हयात नव्हते, परंतु दाबाचा पडदा निवडण्यात तेच धोरण दिसते. दोन पडद्यांची कल्पनादेखील त्यांच्या १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या खिशातल्या खेळात येऊन गेली होती.

दाबाच्या पडद्याचे एक वैशिष्ट्य येथे निर्णायक आहे. तो ओझरता स्पर्श ओळखत नाही. त्याला भार हवा असतो. ‘पोकेमॉन डॅश’मध्ये एका शर्यतीत असा भार पुनःपुन्हा, एकाच दिशेने, घाईघाईने द्यावा लागे. मनगट दुखे आणि मऊ वरच्या थरावर ओरखडे पडत. पडदा जपण्यासाठी त्यावर पातळ पारदर्शक कागद चिकटविण्याची चाल डीएसच्या खेळाडूंत होतीच. पिकाचू मात्र थकत नसे. त्याच्या चेहऱ्यावर श्रमाची रेषाही उमटत नसे. शर्यतीतील श्रम येथे प्राण्याच्या देहातून निघून खेळणाऱ्याच्या मनगटात आणि यंत्राच्या पृष्ठभागात शिरलेले आहेत. रचनाकारांना हे अभिप्रेत होते की नव्हते, याला येथे महत्त्व नाही; पडद्याच्या जातीनेच तो परिणाम घडवून आणला.

खेळाचे स्वागत मात्र थंड झाले. मार्ग थोडे, पात्र एकच आणि क्रिया एकसुरी, असे आक्षेप पाश्चात्त्य समीक्षकांनी घेतले, आणि ते खोटे नव्हते. परंतु अपयशी प्रयोग इतिहासाला कित्येकदा यशस्वी प्रयोगापेक्षा अधिक सांगून जातो. त्याच सुमारास डीएसवर आलेल्या इतर खेळांशी तुलना केली म्हणजे हे दिसून येते. मार्च २००५ मध्ये जपानमध्ये आलेल्या, इंग्रजीत ‘कर्बी : कॅन्व्हस कर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळात लेखणीने प्राण्याला ढकलावयाचे नसून त्याच्यासाठी वाट रेखाटावयाची होती; चेंडूसारखा कर्बी त्या रेषेवरून आपोआप घरंगळे. एक रेघ ओढली की काम झाले. समीक्षकांनी या खेळाची वाखाणणी केली. एप्रिल २००५ मध्ये आलेल्या ‘निन्टेंडॉग्ज’मध्ये हीच लेखणी कुत्र्याच्या पिलाच्या अंगावरून फिरवावयाची होती, आणि त्या खेळाने लक्षावधी नवे खेळाडू मिळविले. येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही की, ‘डॅश’मधील आणि ‘निन्टेंडॉग्ज’मधील हाताची हालचाल जवळजवळ एकच आहे : प्राण्याच्या चित्रावरून किंवा त्याच्या शेजारून लेखणी घासणे. एका ठिकाणी तिला हाकणे म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी कुरवाळणे. लोकांनी कुरवाळणे पत्करले आणि हाकणे नाकारले.

शर्यतीच्या प्रकारापुरता निर्णय तर त्याच वर्षी लागला. नोव्हेंबर २००५ मध्ये निन्टेंडोने स्वतःचाच ‘मारिओ कार्ट डीएस’ आणला, आणि त्यात गाडी हाकण्याचे काम पुन्हा बटणांकडे दिले. स्पर्शपडदा नकाशा पाहण्यासारख्या दुय्यम कामांपुरता राहिला. त्या खेळाच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. एकंदर पंधरा कोटींहून अधिक डीएस यंत्रे विकली गेली, पण त्यांच्यावर लेखणी घासून प्राणी पळविण्याची रीत रूढ झाली नाही.

स्पर्शाची शर्यत पुन्हा उभी राहिली ती मोबाईल फोनवर, आणि फार वेगळ्या रूपात. २००७ साली आयफोन आल्यावर धारकतेचा पडदा सर्वत्र झाला. त्याला भार नको, ओझरते बोट पुरे. २०११ चा ‘टेंपल रन’ आणि २०१२ चा ‘सबवे सर्फर्स’ या खेळांत धावणारे पात्र आपोआप धावते. ते कधी थांबतच नाही. बोटाने करावयाचे ते एवढेच की त्याला डावीकडे, उजवीकडे, वर किंवा खाली वळवावे. ‘डॅश’मध्ये धाव ही खेळणाऱ्याची कमाई होती, येथे ती फुकट मिळते आणि चुकविण्याची दक्षता मात्र खेळणाऱ्याकडे राहते. अशा रीतीने सात-आठ वर्षांत शर्यतीच्या खेळातून श्रमाचे उरलेसुरले चिन्हही नाहीसे झाले. या स्थित्यंतराचा मधला आणि विसरला गेलेला टप्पा, हेच ‘पोकेमॉन डॅश’चे ऐतिहासिक स्थान होय.

हा क्रम जपान, युरोप आणि अमेरिका यांना लागू पडतो. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरून पाहिले तर तो तसा राहत नाही. उधवा हे तलासरी तालुक्यातील गाव घ्यावे. हा तालुका प्रामुख्याने आदिवासी वस्तीचा; १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन तो पालघर जिल्ह्यात आला; दादरा-नगर हवेलीची सीमा गावाहून दूर नाही. हातात धरण्याचे स्वतंत्र खेळयंत्र ही भारतात मुख्यतः शहरी, सुस्थित घरांची वस्तू राहिली. ग्रामीण भागात व्हिडिओ गेम गेला तो फोनच्या पोटातून. पहिली पायरी बटणांच्या फोनची. २००३ साली आलेल्या आणि भारतात घरोघरी झालेल्या नोकिया ११०० मध्ये ‘स्नेक’ हा खेळ होता, आणि त्यातला सापही एक धावणारा प्राणीच होता; तोही आपोआप सरके, बटणाने फक्त वळे. दुसरी पायरी स्मार्टफोनची. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेटचा खर्च झपाट्याने उतरला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘पोकेमॉन गो’ हा खेळ जिओच्याच सहकार्याने भारतात अधिकृतपणे आला. मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीज या कंपनीने हैदराबादच्या ग्रीन गोल्ड संस्थेच्या ‘छोटा भीम’ मालिकेतील पात्रे घेऊन मोबाईलवर शर्यतीचे खेळ काढले होते. म्हणजे या भूभागात बटणाकडून थेट बोटाकडे उडी पडली. लेखणीचा, भाराचा, मनगट दुखविणारा मधला टप्पा प्रायः आलाच नाही. (ही उडीही सरळ नव्हती. २०१७ साली आलेला स्वस्त जिओफोन पुन्हा बटणांचाच होता.) यंत्रांचा जागतिक कालक्रम जसाच्या तसा उचलून स्थानिक इतिहासाला लावण्याची सवय अभ्यासकांत आढळते, तिच्याविषयी सावध राहण्यास एवढे उदाहरण पुरेसे व्हावे.

लेखणीने प्राणी चालता करण्याची कल्पना मात्र या मुलखाला परकी नाही. डहाणू-तलासरीच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. त्यासाठी कुंचला लागत नाही. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की झाले. चौक लिहिण्याचा मान परंपरेने सुवासिनींचा. १९७० नंतरच्या दशकात डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या चित्रांतील देह टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचा असतो; त्या सांध्यावर देह वाकतो, आणि म्हणून अगदी थोड्या रेषांत माणूस नाचताना व जनावर पळताना दिसते. डीएसची लेखणी आणि वारली काडी यांत वंशसंबंध शोधणे हास्यास्पद ठरेल. पण एक भेद नोंदविण्याजोगा आहे. काडीने काढलेले जनावर एकदाच धावते आणि त्या धावेत भिंतीवर राहते. लेखणीने पळविलेला पिकाचू हात थांबला की थांबतो, आणि यंत्र बंद केले की उरत नाही.

खऱ्या प्राण्यांच्या शर्यतीकडे वळले म्हणजे श्रमाचा प्रश्न नैतिक आणि कायदेशीर रूप घेतो. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने बैलाचा समावेश ज्यांना प्रदर्शनासाठी वा कसरतीसाठी वापरता येणार नाही अशा प्राण्यांच्या यादीत झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड विरुद्ध ए. नागराज या प्रकरणात तमिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींनाही मनाई केली. निकालातील एक मुद्दा सरळ शरीररचनेचा होता : बैल हा घोड्याप्रमाणे धावण्यासाठी घडलेला प्राणी नाही, आणि त्याला पळविण्यासाठी वेदना किंवा भीती वापरावी लागते. म्हणजे न्यायालयाने धावणाऱ्याच्या वेगावरून धावविणाऱ्याच्या हातापर्यंत माग काढला. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, तिच्यावर पुन्हा न्यायालयीन वाद झाला, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या ग्राह्य ठरविल्या. परवानगीच्या अटींचा रोख पुन्हा हातावरच आहे : चाबूक, काठी, टोचणी यांस मनाई. बैल धावावा, पण हाताने त्याला दुखवू नये, अशी ही योजना होय. तिचे पालन प्रत्यक्ष मैदानावर कितपत होते, हा स्वतंत्र चौकशीचा विषय आहे. शर्यतप्रेमी शेतकऱ्याची बैलावरची माया आणि प्राणिमित्रांचा आक्षेप यांपैकी कोणतीही एक बाजू खोटी मानून तो सुटणार नाही.

येथे एक योगायोग आढळतो. नागराज प्रकरणातील पक्षकारांत ‘पेटा’ ही प्राणिहक्कवादी संस्थाही होती. तिच्याशी संलग्न अमेरिकन संस्थेने २०१२ साली पोकेमॉन खेळांचे एक विडंबन प्रसिद्ध केले होते. त्यात जखमी पिकाचू आपल्या मालकांविरुद्ध उठतो असे दाखविले होते. अनेकांनी ते हसण्यावारी नेले, आणि काल्पनिक उंदराला वेदना नसतात हे खरेच. तरी त्या विडंबनाने अजाणता एक मुद्दा उघड केला तो असा की, या खेळांतील प्राण्यांचे गोंडसपण त्यांच्या न थकण्यावर उभे आहे. थकलेला, रक्तबंबाळ पिकाचू पाहवत नाही, कारण तो आता खेळातला राहत नाही.

न थकणाऱ्या प्राण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. त्याची प्रथा परंपरेने नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळाशी जोडली जाते. खऱ्या बैलांना आदल्या दिवशी विश्रांती आणि पूजा मिळालेली असते; या दिवशी मुले चाके लावलेले लाकडी नंदी दोरीने ओढीत मिरवतात. ओढणारा हात मुलाचा, धाप लागते ती मुलाला, नंदीला नाही. श्रमाची वाटणी तंतोतंत ‘पोकेमॉन डॅश’मधल्यासारखी. फरक इतकाच की लाकडी नंदी पिढ्यानुपिढ्या घरात राहतो आणि त्याच्या घासलेल्या चाकांवरून त्याचे वय सांगता येते.

इतिहासाच्या साधनांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. व्हिडिओ गेम जपण्याची व्यवस्था सर्वत्रच दुबळी आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत असे आढळले की, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध राहिलेले नाहीत. ज्या खेळाचे निम्मे वैशिष्ट्य दोन पडदे, एक लेखणी आणि दुसऱ्या खाचेतले जुने काडतूस यांवर अवलंबून, तो संगणकावर चालविला तरी त्यातला हात हरवतो. माऊस ओढून मनगट तसे दुखत नाही. बैलगाडा शर्यतीचे कागद न्यायालयांच्या दप्तरात आहेत. उधव्यासारख्या गावात पहिला साप कोणत्या फोनवर वळला, पहिली शर्यत कोणाच्या उसन्या फोनवर खेळली गेली, एका फोनवर किती मुलांनी पाळ्या लावल्या, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती केवळ आज तिशीत असलेल्या माणसांच्या स्मरणात आहे आणि विचारून घ्यावी लागेल, जशी १९४५ च्या वारली उठावाची पुष्कळशी हकीकत त्याच मुलखातील लोकांकडून ऐकून घ्यावी लागली. ‘पोकेमॉन डॅश’पुरते एक साधन मात्र अजून हाती लागते. जुन्या बाजारात येणाऱ्या डीएस यंत्रांच्या खालच्या पडद्यावर कधीकधी बारीक, एकमेकांना समांतर ओरखडे दिसतात. ते कोणत्या खेळाचे हे सांगता येत नाही, पण कोणीतरी त्या ठिकाणी पुष्कळ वेळ, पुष्कळ जोराने, काहीतरी पुढे ढकलीत होते, एवढे त्यांवरून ठरते.